पागनीसांचा भोपाळमधला माणूस

उज्जैनच्या फ्रीगंजात विनायकराव पागनीसांना ओळखत नाही असा मराठी माणूस छप्पन सालच्या सुरुवातीला सापडला नसता. त्यांच्याशी पाच मिनिटं सलग बोललाय असाही सापडला नसता. विनायकराव दिसायचे ते सायकलवर. एक पाय पायडलवर, दुसरा जमिनीला टेकलेला. त्या अवस्थेत ते तुमचं अर्धं म्हणणं ऐकत, उरलेलं अर्धं स्वतःच पुरं करत, "झालं समजा" म्हणत आणि निघून जात. त्यांनी पुरं केलेलं म्हणणं बहुतेक वेळा तुमचं नसे. पण ते तुमच्या लक्षात येईपर्यंत ते टावर चौक ओलांडून गेलेले असत.

ते बांधकाम खात्यात नक्शानवीस होते. ओव्हरसियर मोजमापं घेऊन येई, इंजिनियर आकडेमोड करी, आणि त्या सगळ्याचं चित्र विनायकराव पारदर्शक कापडावर काळ्या शाईने काढत. मग ते चित्र पुलाचं असो, क्षिप्रेवरच्या घाटाचं असो, नाहीतर एखाद्या धर्मशाळेच्या संडासाचं. हे काम मुळात सावकाशीचं. रेघ ओढायचं पेन सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकाच वेगाने जायला लागतं. मध्ये घाई केली की शाई पसरते. विनायकराव दिवसाला चार नकाशे काढत. सगळ्या खात्यात असा विक्रम दुसऱ्या कुणाचा नव्हता. चारांतले तीन दुरुस्तीसाठी परत येत हे खरं, पण परत आलेला नकाशा नव्याने काढला की तोही मोजला जाई. त्यामुळे विक्रम वाढतच होता.

उरलेल्या वेळात ते सहा संस्थांचे चिटणीस होते. वाचनालय, गणेशोत्सव, व्यायामशाळा, वधूवर मंडळ आणि मराठी शाळेची पालकसभा ही पाच सांगता येत. सहावी नेमकी कशासाठी स्थापन झाली हे विनायकरावांना आठवत नसे, पण तिची सभा दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असे आणि ते तिला कधी चुकले नव्हते.

ही धावपळ हौसेखातर नव्हती. पागनीसांचे पूर्वज शिंद्यांच्या पागेत कारकुनीला होते, आणि तेव्हापासून घराण्यात एकच गोष्ट चालत आली होती: दरबाराच्या नजरेसमोर राहायचं. ग्वाल्हेर संस्थानच्या दिवसांत विनायकराव नक्शानवीसांच्या यादीत तिसरे होते. वरचे दोघे म्हातारे होते, म्हणजे मुख्य नक्शानवीसाची खुर्ची हाताच्या अंतरावर. तेवढ्यात अठ्ठेचाळीस साल उजाडलं. वीस-पंचवीस संस्थानं एकत्र करून मध्यभारत झाला, त्या सगळ्या संस्थानांचे नक्शानवीस एका यादीत आले, आणि तिसरे विनायकराव एकतिसावे झाले. संस्थानं एवढी असतील याची त्यांना कल्पना होती; प्रत्येकाने एक-दोन नक्शानवीस पाळले असतील याची नव्हती.

मग आठ वर्षं ते पळाले. नवं सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला बसे. विनायकराव आपल्या फाइलीमागे ग्वाल्हेरला पोचत तेव्हा ती पेटीत बांधून इंदूरला निघालेली असे. ते इंदूरला पोचत तेव्हा पेटी उघडायची असे. तरीही अर्ज, भेटी, ओळखी आणि काहींच्या निवृत्त्या यांच्या बळावर ते अकराव्या नंबरापर्यंत चढले होते. आणि आता बोललं जात होतं की मध्यभारतही जाणार. महाकोशल, विंध्य प्रदेश आणि भोपाळ यांच्यासकट एक मोठं राज्य होणार, राजधानी भोपाळ, आणि पुन्हा एक नवी यादी. या वेळी मुख्य नक्शानवीस होऊन भोपाळला जायचं, नाहीतर पेन्शनीपर्यंत संडासांचे नकाशे काढायचे, असं विनायकरावांनी मनाशी पक्कं केलं होतं.

घरी मंगलाबाई होत्या आणि जयू होती. जयू सोळा वर्षांची. ती अडखळत बोलायची. वाक्याच्या सुरुवातीलाच शब्द अडे, ओठ मिटलेले राहत, मान किंचित वर जाई, आणि समोरचा माणूस तिला मदत करायला लागे. सगळ्यात जास्त मदत विनायकराव करत. ते चपला घालता घालता विचारत, "काय गं? वही हवी? फी भरायची? आईने बोलावलंय?" आणि जयू तिसऱ्या प्रश्नाला मान हलवून मोकळी होई. विनायकराव कौतुकाने सांगत की पोरीला काय हवं ते मला न बोलता कळतं. तिला मधातून वेखंड देऊन झालं होतं, अक्कलकरा जिभेवर चोळून झाला होता. वधूवर मंडळाच्या वहीत तिच्या नावापुढे "बोलण्यात किंचित दोष" असं लिहिलेलं होतं, आणि ते अक्षर चिटणिसांचं म्हणजे वडिलांचंच होतं. नियम सर्वांना सारखा, असं त्यांचं म्हणणं.

एप्रिलात, सिंहस्थासाठी घाटांच्या नकाशांची गर्दी उसळलेली असताना, विनायकराव रेघ ओढता ओढता फळीवर डोकं टेकून बसले. कचेरीतल्यांना वाटलं, माप बारकाईने बघताहेत. पाच मिनिटं एवढी बारकाई हे त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून कुणीतरी हलवून पाहिलं.

फ्रीगंजातल्या डॉक्टर गोपाळरावांनी छाती ठोकून, ऐकून, पुन्हा ऐकून सहा महिन्यांची शिक्षा सुनावली. सायकल बंद. सभा बंद. एका वेळी एकच काम. आणि संध्याकाळी घरी आल्यावर दिवेलागणीपर्यंत एक तास मौन. तोंडातून शब्द काढायचा नाही, कारण विनायकरावांच्या छातीवर सगळ्यात जास्त ताण पायांचा नसून जिभेचा आहे, असं त्यांचं निदान होतं.

"सहा महिन्यांत भोपाळची यादी होऊन जाईल हो," विनायकराव म्हणाले.

"यादी तर होणारच," गोपाळराव म्हणाले. "तुम्ही ती वाचायला असावं, एवढंच मी बघतोय."

मंगलाबाईंनी त्याच दिवशी सहा राजीनामे लिहिले. मजकूर एकच होता, संस्थेचं नाव तेवढं बदललेलं. सायकल त्यांनी देवासला भावाकडे धाडली, म्हणजे मोह नको. विनायकराव खाटेवर पडून वाट बघत राहिले. आता शिष्टमंडळ येईल, विनायकराव तुमच्याशिवाय कसं होणार म्हणेल, आणि आपण मोठ्या मनाने दोन संस्था तरी ठेवून घेऊ. पहिल्या आठवड्यात वाचनालयाकडून चिठ्ठी आली. तीत कपाटाची किल्ली मागितली होती. बाकीच्यांकडून तीही नाही. त्या वर्षी गणेशोत्सवात आरती पत्रिकेत छापलेल्या वेळेला सुरू झाली. निम्म्या लोकांची ती हुकली, कारण पागनीसांच्या कारकिर्दीतल्या सवयीने ते पाऊण तास उशिरा आले होते. सहाव्या संस्थेची सभा झालीच नाही, आणि ती झाली नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

हे सगळं विनायकरावांना फार लागलं. पण आणखी एक गोष्ट त्यांना जास्त चमत्कारिक वाटली. सायकलवर असताना त्यांना फ्रीगंजातून कोठी महालातल्या कचेरीत पोचायला पाऊण तास लागे, कारण वाटेत सात ठिकाणी पाय टेकावा लागे. पायी गेल्यावर तीस मिनिटं लागली. पायी चालणाऱ्या माणसाला कुणी थांबवत नाही. त्याच्याकडे काही काम असेल असं कुणाला वाटत नाही. ते पहिल्या दिवशी कचेरीत पोचले तेव्हा चपराशी झाडू मारत होता, आणि त्याने त्यांना ओळखलं नाही.

नकाशांचंही तसंच झालं. एका वेळी एक काम म्हणजे दिवसाला एकच नकाशा. विनायकराव सकाळी कापड ताणून बसवत, पेन पुसत, शाई भरत, आणि रेघ ओढून झाली की पुढची कुठली हे बघत. पूर्वी पुढची रेघ आधी डोक्यात यायची आणि हातातली अर्धवट राहायची. जूनमध्ये त्यांचा एक नकाशा परत आला, जुलैमध्ये एकही नाही. दुरुस्तीसाठी आलेले नकाशे टाकायची जी टोपली त्यांच्या टेबलाशेजारी होती, तीत चपराशी आपला डबा ठेवू लागला. चार गुणिले एक चतुर्थांश म्हणजे एक, हा हिशेब विनायकरावांनी स्वतः आयुष्यात पहिल्यांदा केला आणि कुणाला सांगितला नाही.

राहिला संध्याकाळचा तास. बोलायचं नाही, कुठे जायचं नाही, तर माणसाने करायचं काय? मंगलाबाईंनी पुढ्यात तांदळाचं ताट ठेवलं. निवडा म्हणाल्या. विनायकराव ओसरीवर बसून खडे वेचू लागले. शेजारी जयू डाळ निवडायला बसली. दोघं तीन दिवस काही न बोलता बसले होते. चौथ्या दिवशी जयूने मान किंचित वर केली. ओठ मिटले. विनायकरावांना कळलं की तिला काही सांगायचंय, आणि सवयीने त्यांच्या तोंडात वही, फी, आई हे तिन्ही शब्द तयार झाले. पण मौन होतं. मंगलाबाई दारातून बघत होत्या. शब्द गिळून ते बघत राहिले. रस्त्यावरून एक टांगा आला, गेला. समोरच्या घरातलं मूल रडून थांबलं. जयूचा शब्द सुटला, पुन्हा अडला, पुन्हा सुटला.

"अण्णा, तुम्ही खडे ताटात ठेवताय आणि तांदूळ खाली टाकताय."

विनायकरावांनी खाली पाहिलं. खरंच होतं. सगळा नाही, पण बराच. मुलीचं हे पहिलं अखंड वाक्य त्यांनी ऐकलं तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि ते शेहेचाळीसचे.

त्यानंतर त्या तासात जयू बोलू लागली. त्यांनी उत्तर द्यायचं नाही, विचारायचं नाही, पुरं करायचं नाही. ऐकण्यापलीकडे त्यांना कसलाही अधिकार नव्हता, आणि ऐकणारा असा बांधून ठेवलेला तिला जन्मात मिळाला नव्हता. हळूहळू विनायकरावांच्या लक्षात आलं की आपल्या घरात एक फार शहाणा माणूस राहतोय. जयू अडणारा शब्द टाळून दुसरा घाले. "मंदिर" अडलं तर देऊळ, "बाजार" अडला तर दुकानं, "पाऊस" अडला तर आभाळ फाटलंय. प्रत्येक गोष्टीला दोन-तीन शब्द जवळ बाळगायची तिला इतकी सवय होती की तिच्याइतकं मराठी वाचनालयाच्या अध्यक्षांनाही येत नव्हतं. ते अध्यक्ष भाषण करताना उपरणं कसं सावरतात हे ती डाळीच्या ताटावरून हात न उचलता, नुसत्या खांद्याने दाखवी. मौनात हसायची परवानगी आहे का, हे विनायकरावांनी गोपाळरावांना खास जाऊन विचारलं.

अडखळणं गेलं असं नाही. शब्द पूर्वीइतकाच अडे. फक्त त्या अडण्यात आता कुणी घुसत नव्हतं, आणि घुसायला कुणी येत नाही हे कळल्यावर शब्दच लवकर सुटू लागला. ऑगस्टात ती शेजारणीशी बोलली. सप्टेंबरात टावरजवळच्या दुकानात जाऊन तिने लोकर स्वतः मागितली, रंग सांगून.

डॉक्टरांचे सहा महिने ऑक्टोबरात संपले. विनायकरावांनी तास चालूच ठेवला, आणि भोपाळला जायचं नाही असं ठरवलं. ठरवायला फारसं काही नव्हतं. भोपाळात राहायला जागा नाही, मोठमोठे अधिकारी एका खोलीत तिघं राहणार, असं जो तो सांगत होता. म्हणजे बिऱ्हाड उज्जैनला आणि आपण तिकडे. महिन्यातून एकदा धावत यायचं, चपला न काढता विचारायचं, काय गं, वही हवी? पोर महिन्याभरात मिटून जाईल. एका बाजूला ती खुर्ची, आठ वर्षं जिच्यामागे ते पळाले ती, आणि दुसऱ्या बाजूला डाळ-तांदळाची दोन ताटं. नेमणूक आपल्या गळ्यात पडेल याचं विनायकरावांना भय वाटलं नाही, कारण त्यांना आपल्या खात्याचा अनुभव होता. आठ वर्षं पळून जे मिळालं नाही ते एका जागी बसल्यावर कसं मिळेल? आपण काही केलं नाही म्हणजे काही होणार नाही. ते निर्धास्त झाले.

हा निर्धास्तपणाच त्यांना भोवला.

कचेरीत त्या दिवसांत सगळे पळत होते. कुणी इंदूरला जाऊन आला, कुणी ग्वाल्हेरला, कुणी भोपाळला जाऊन कुणालाच न भेटता आला आणि भेटून आल्याचं सांगू लागला. विनायकराव मात्र साडेदहाला चालत येत, एक नकाशा काढत आणि पाचला चालत जात. हेडक्लार्क व्यासजी उज्जैनचेच, तीस वर्षं माणसांच्या हालचालींवरून त्यांच्या फाइली ओळखणारे. त्यांनी एके दिवशी पानाचा डबा पुढे करत विचारलं, "पागनीसजी, आपका क्या हुआ?"

"कुछ नहीं. जो होगा, देखा जाएगा," विनायकराव म्हणाले. आणि ते खरं होतं.

व्यासजींनी पान तोंडात ठेवलं आणि विचार केला. तीस वर्षांत असं वाक्य त्यांनी ज्याचं काम आधीच झालंय त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत कचेरीला कळलं की पागनीसांचा वर कुणीतरी माणूस आहे. मराठी मंडळींना तर हे आधीच वाटायला हवं होतं असं वाटलं. उज्जैनचा मराठी माणूस शांत बसला म्हणजे ग्वाल्हेरात त्याच्यामागे एखादा सरदार उभा असणार, हे तिथे पिढ्यानपिढ्या गृहीत होतं. सरदारांची सत्ता जाऊन आठ वर्षं झाली होती आणि त्यांतले बरेच स्वतःच वकिलांच्या दारात बसलेले होते, पण गृहीताला कुणी ते कळवलं नव्हतं. सायकल विकली? मोटर येणार असेल. सहा संस्था सोडल्या? अर्थात, भोपाळला जायचंय. डोकं टेकून बसले होते ते? ते नाटक, ग्वाल्हेरला जायला रजा हवी होती.

सगळ्यात बेचैन झाले ते सुधाकरराव दिघे. ते शेजारच्याच टेबलावर नक्शानवीस होते, यादीत बारावे. आठ वर्षं ते विनायकरावांच्या मागोमाग पळत आले होते. आता पुढचा माणूस थांबल्यामुळे कुठे पळावं हे त्यांना कळेना.

"विनायकराव, आपण एका गावचे, एका जातीचे," ते रोज म्हणत. "नाव सांगू नका हवं तर. पहिलं अक्षर तेवढं सांगा."

विनायकराव शपथेवर सांगत की कुणी नाही. सुधाकररावांना त्यांच्या पोलादी मनाचं कौतुक वाटे.

पुढचं सगळं अगदी नियमाने झालं. भोपाळला पाठवायच्या नावांची यादी व्यासजींनी केली. ज्याचा माणूस आहे त्याला खाली ठेवून आपण कशाला वाईट व्हा, म्हणून त्यांनी पागनीसांचं नाव सगळ्यात वर घातलं. नवे कार्यकारी अभियंता साहेब महाकोशलाकडून आलेले, त्यांना इथली माणसं माहीत नव्हती. अकरावा माणूस पहिला आलेला बघून त्यांनी ओळखलं की वरून सूचना आहे, आणि सही केली. भोपाळच्या समितीला दिसलं की एक कार्यकारी अभियंता नियम बाजूला ठेवून एका माणसाची शिफारस करतोय, म्हणजे माणूस असामान्य असला पाहिजे. कुणीतरी खातरजमा म्हणून त्यांचे गेल्या चार महिन्यांतले नकाशे मागवले. त्यांत एक चूक नव्हती. पण पुढे कुणी या नेमणुकीचं कारण सांगताना नकाशांचा उल्लेख केल्याचं ऐकिवात नाही.

नोव्हेंबरच्या मध्याला हुकूम आला. विनायक दत्तात्रय पागनीस, मुख्य नक्शानवीस, भोपाळ. पंधरा दिवसांत हजर व्हावे.

कचेरीने पेढे वाटले. विनायकराव पेढा हातात धरून बसले. घरी जाऊन त्यांनी हुकूम मंगलाबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, घडी केली आणि विचारलं, "कधी निघायचं?" आवाज नेहमीचाच होता. जयूने डाळीचं ताट पुढे ओढलं आणि निवडायला लागली. तो सगळा तास ती एक शब्द बोलली नाही. विनायकरावांचं मौन त्या दिवशी अगदी निरर्थक होतं. ऐकायला काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका ओळीचा अर्ज दिला: घरगुती कारणास्तव ही नेमणूक स्वीकारता येत नाही, उज्जैनला आहे त्या जागी ठेवावे. व्यासजींनी तो वाचून भोपाळच्या टपालात टाकला आणि आदराने म्हणाले की पागनीसजी, तुम्ही काय चीज आहात हे आज कळलं. वरची जागा मिळाल्यावर तिला नाही म्हणायचं म्हणजे त्याहून वरची मागायची. चार दिवसांनी भोपाळहून पत्र आलं की श्री. पागनीस यांच्यासाठी स्वतंत्र क्वार्टरचा विचार करता येईल. नव्या राज्यात सेक्रेटरींनाही तेव्हा क्वार्टर नव्हतं. आता मात्र कचेरीतले लोक विनायकराव येताना उठून उभे राहू लागले.

विनायकरावांनी तोच अर्ज पुन्हा लिहून साहेबांची भेट मागितली. साहेब निघायच्या घाईत होते. जीप बाहेर सुरू होती, चपराशी बॅग घेऊन दारात उभा, आणि साहेब उभ्यानेच कागदांवर सह्या करत होते.

"सर, मेरी लड़की..."

"बीमार है? भोपाल में अस्पताल अच्छा है."

"नहीं सर. वो अब बोलने..."

"बोलने से मना कर रही है? मना तो सब करती हैं. बाद में ठीक हो जाता है."

विनायकरावांनी साहेबांकडे पाहिलं. समोरच्या माणसाचा एक पाय आधीच दाराकडे वळला होता. हे डोळे, ऐकणं संपायच्या आत उत्तर सापडल्याचे, त्यांना फार ओळखीचे वाटले. सोळा वर्षं आपण पलीकडच्या बाजूने कसे दिसत होतो हे कुणीतरी दाखवावं आणि तेही गॅझेटेड अधिकाऱ्याने, याची त्यांना लाज वाटली. घाई न करता ते वाट बघत उभे राहिले. साहेबांची शेवटची सही झाली, त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि समोर अजून माणूस आहे हे बघून त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"शादी! लड़की की शादी तय हुई है. तो सीधे बोलिए ना."

"सर, शादी नहीं है," विनायकराव स्पष्ट म्हणाले.

"समझ गया, समझ गया. अभी बाहर नहीं कहना है." साहेबांनी टोपण पुन्हा काढलं, अर्जावर दोन ओळी लिहिल्या आणि पहिल्यांदाच विनायकरावांकडे नीट पाहिलं. "मेरी भी तीन हैं, पागनीस. मैं नहीं जानूँगा तो कौन जानेगा?"

जीप गेली. अर्जावर लिहिलं होतं की मुलीच्या विवाहामुळे श्री. पागनीस यांना उज्जैनलाच ठेवावे, आणि यादीतल्या पुढच्या माणसास पाठवावे. विनायकरावांनी त्या दिवशी व्यासजींपाशी आणि मग लेखी असं दोनदा कळवलं की विवाह नाही. व्यासजींनी ते पत्र फाइलीला लावलं, पण डोळा मारून. विनायकरावांना खोटं बोलून सुटायचं नव्हतं आणि खरं बोलून सुटता येत नव्हतं. शेवटी त्यांनी विचार केला की खरं आपण सांगितलंय. ते ऐकायचं की नाही हे सरकारचं काम.

फ्रीगंजात आठवड्याभरात सगळा उलगडा झाला. जयूचं भोपाळात ठरलंय. मुलगा सेक्रेटरीचा. म्हणजे पागनीसांचा माणूस म्हणतात तो हाच, होणारा व्याही. वधूवर मंडळाने आपल्या वहीतून जयूचं नाव खोडलं, दोषासकट. मंगलाबाई आधी संतापल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की दर महिन्याला कुणीतरी बायका येऊन पोरीला "नाव काय गं तुझं" असं विचारून तिच्या ओठांकडे बघत बसायच्या, त्या आता येणार नाहीत. त्यांनी खुलासा करायचं लांबणीवर टाकलं. जयूने तेवढ्यात मॅट्रिकनंतर माधव कॉलेजात जायचं बोलून घेतलं, आणि कुणी नाही म्हटलं नाही.

जुन्या यादीत अकराव्याच्या पुढचे बारावे, म्हणजे सुधाकरराव दिघे. त्यांना खुर्ची मिळाली. क्वार्टरची सोय पागनीसांच्या नावावर होती, ती नाही मिळाली. निघायच्या सकाळी ते टांगा फ्रीगंजातून वळवून विनायकरावांच्या दारात आले. वळकटी टांग्यात, ट्रंक टांग्यात, गाडीला पाऊण तास होता.

"आता तरी सांगा," ते ओसरीच्या पायरीवरूनच म्हणाले. "मी तिथे एकटा. तुमचं नाव सांगून भेटेन त्यांना, एवढंच. तुम्हाला त्यात काय तोटा?"

"सुधाकरराव, कुणी नाही हो," विनायकराव म्हणाले. त्यांचं त्यांनाच ते वाक्य आता खोटं वाटू लागलं होतं.

जयू दाराशी आली होती. तिने मान किंचित वर केली.

"काका," ती म्हणाली आणि पुढचा शब्द अडला.

"हां, बोल बाळ. पत्ता देतेस?" सुधाकरराव म्हणाले. ओठ मिटलेलेच राहिले. "चिठ्ठी? निरोप? कुणाला काही द्यायचंय का?"

"तिचं होऊ द्या, सुधाकरराव," मंगलाबाई म्हणाल्या.

सुधाकररावांनी रस्त्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि काही इलाज नाही असं बघून उभे राहिले. घोड्याने पाय आपटला. टांगेवाला खाली उतरून बिडी ओढू लागला. विनायकराव जयूकडे बघत नव्हते. तिच्याकडे बघत राहिलं की तिला घाई होते हे त्यांना आता ठाऊक होतं. ते खांबाला टेकून समोरच्या निंबाकडे बघत होते.

"काका, भोपाळमध्ये आमचं कुणी नाही," जयू म्हणाली. "माझं लग्नही ठरलेलं नाही. अण्णांना इथे राहायचं होतं. माझं ऐकायला."

इतकं सरळ त्या ओसरीवर कधी कुणी बोललं नव्हतं.  क्षणभर सुधाकररावांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, कारण त्यांच्याही घरी मुलं होती. मग ते पायरी उतरून विनायकरावांच्या अगदी जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मानलं तुम्हाला. पोरीलासुद्धा पढवून ठेवलंय."

टांगा निघाला. विनायकराव आत जायला वळले, तर जयूची मान अजून तशीच किंचित वर होती. तिचं बोलून संपलं नव्हतं. कचेरीला उशीर झाला होता, आणि विनायकराव ओसरीवर बसले.